अगाफ्याताईचं क्वारंटाइन

दार नीट लावून घे रे याको, सगळी वाफ बाहेर चाललीय. आणि दगडांवर आता पाणी टाकू नकोस. आपण अंगाला वाफ द्यायला बसलोय, मासे शिजवायला नाही.

हं. मघाशी तुमच्यातल्या कुणी तरी विचारलं की मास्तरांच्या जुन्या घराकडे अंधार पडल्यावर कुणी का जात नाही. त्या साथीच्या हिवाळ्यात तुम्ही लहान होता. शाळा बंद होती, एवढंच तुम्हाला आठवत असणार. मी सांगतो ते निकिफोरचं आहे. आता तो बायकोच्या गावी, वरच्या नदीला असतो. माझ्याबरोबर त्याने कितीतरी उन्हाळे जाळी टाकली. खोटं बोलावं इतकं त्याला बोलताच येत नसे.

डिसेंबरची बारा तारीख. शनिवार.

रात्रीचं जेवण उरकून निकिफोर घरून निघाला तो रॉकेलचा डबा घेऊन. नाक्यावरच्या स्टोव्हचं रॉकेल संपलंय म्हणून दुपारपासून वायरलेसवर ओरड चालली होती. पाळीही त्याचीच होती. त्याने आधीच्या माणसाला घरी पाठवलं, स्टोव्ह भरला, चहा ठेवला आणि बसला.

नाका म्हणजे नदीच्या बर्फावर आडवा ताणलेला दोर. दोराला नारिंगी फडकी, बाजूला प्लायवूडची खोपी. खालच्या गावात साथ घरोघर पोचली होती. आपल्याकडे तोवर थोडीच माणसं आजारी पडली होती. पंचायतीने ठरवलं की बाहेरचं कुणी आत नाही. विमानाने माल येईल, माणूस येणार नाही. दवाखान्याच्या भिंतीवर कागद लावले होते, वारंवार वाहत्या पाण्याखाली हात धुवा. वाहतं पाणी! आपलं वाहतं पाणी गोठलेल्या नदीखाली होतं, आणि नळ आजही नाहीत. लोक कागद वाचायचे आणि बर्फाच्या भोकातून बादली भरून घरी जायचे. एका परातीत अख्खं घर हात धुवायचं.

पण नाका होता, आणि निकिफोर नाक्यावर असला की पाखरू आत येत नसे. एकदा त्याचा स्वतःचा साडू बर्फगाडीवरून सील प्राण्याच्या तेलाचा डबा घेऊन आला. निकिफोरने डबा दोराच्या अलीकडे ठेवून घेतला, एक दिवस थंडीत राहू दिला आणि मग आत नेला. साडू नाही नेला. साडू तिथूनच शिव्या घालत परत गेला. बायको महिनाभर निकिफोरशी धड बोलली नाही.

त्याची थोरली बहीण अगाफ्या. तुम्ही तिला पाहिलंय, हसली की समोरचा फुटका दात दिसायचा ती. नोव्हेंबरात ती आजारी पडली. श्वास लागला. छोटं विमान आलं, गोठलेल्या धावपट्टीवर उतरलं आणि तिला अँकरेजच्या इस्पितळात घेऊन गेलं. बरोबर कुणाला जाऊ दिलं नाही. तिची लेक ओलिंका धावपट्टीच्या कडेला उभी होती, पोटुशी, सातवा सरत आलेला. तिला जवळही जाऊ दिलं नाही. सोडलं नाही ते निकिफोरनेच. तो कडेला उभा राहून माणसं मागे सारत होता.

मग इस्पितळातून फोन यायचे. आज बरी आहे. आज तशीच आहे. आज घशात नळी घातली.

तर त्या रात्री. वारा पडला होता. अशी थंडी की थुंकी खाली पडायच्या आत टणक व्हावी. मध्यरात्रीच्या सुमाराला दोराला लावलेली फडकी हलली. निकिफोर खोपीबाहेर आला. डोक्याला दिवा होताच.

दोराच्या पलीकडे कुणी तरी उभं होतं.

"कोण आहे?"

"तुझी सासू."

आवाज ओळखीचा. 

"ताई?"

"मग काय, तुझ्या नाक्यावर नाचायला कोण येणार ह्या थंडीत? दिवा खाली कर, निका. डोळ्यांवर येतो. तिथं रात्रंदिवस दिवेच होते."

त्याने दिवा खाली केला. बर्फावर उजेड पडला. ती उजेडाच्या जरा पलीकडेच राहिली.

"तू आलीस कशी?"

"विमानाने. आणखी कशी?"

"इथं विमान उतरलं नाही."

"उतरेल कसं? तुम्हीच बंद केलंय ना! खालच्या गावात उतरवलं. एका पोराने गाडीवरून वळणापर्यंत आणलं. पुढे येईना. म्हणाला, तुझा भाऊ बंदूक घेऊन बसतो."

"बंदूक नाहीये माझ्याकडे."

"मी सांगितलं त्याला. म्हटलं, त्याला बंदुकीची गरज नाही, तोंडच तसं आहे."

निकिफोर हसला. खूप दिवसांनी हसलो, असं तो मला म्हणाला. आणि हसताना त्याच्या तोंडातून वाफेचा ढग निघाला, दिव्यात पांढरा दिसला. तिच्या बाजूला ढग नव्हता. हे त्याने पाहिलं. पाहिलं, पण मनात काही आलं नाही. त्या दिवसांत मनात काहीच येत नसे, आपा, असं म्हणाला तो. तोही मला तुमच्यासारखं आपा, म्हणजे आजोबाच म्हणतो.

बाहेरून येणाऱ्याला जे विचारायचं ते त्याने विचारलं. तोंडपाठ झालं होतं.

"ताप आहे?"

"आता नाही."

"खोकला?"

"गेला."

"श्वास घ्यायला त्रास?"



"नाही," म्हणाली. "श्वासाचा आता काही त्रास नाही."

मग तिने पाणी मागितलं. घसा कोरडा पडलाय, म्हणाली, नळी होती ना. निकिफोरने थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं, दोराशी नेऊन बर्फावर ठेवलं आणि मागे सरला. तसंच करायचं असे. माणसाच्या हातात काही द्यायचं नाही. ती पुढे आली नाही. खोपीत वायरलेस खरखरला म्हणून त्याने मान वळवली. परत पाहिलं तर झाकण रिकामं होतं.

"निका, घरी जाऊ?"

त्याने मागे, ओलिंकाच्या घराकडे पाहिलं.

"ओलिंकाला लांबून बघते. खिडकीतून."

"ताई... बाहेरून येईल त्याला दोन आठवडे मास्तरांच्या घरात. कुणीही असो."

"मी कुणीही का?"

 त्याने साडूला परत धाडलं होतं. धावपट्टीवर ओलिंकाला मागे सारलं होतं. आता ह्या दोराखालून एक माणूस आत सोडला असता तर उद्या कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं?



"बरं," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम. साडूसारखं परत नाही धाडलंस, एवढं पुष्कळ."

मास्तरांचं घर तुम्हाला माहीत आहे, दोराच्या बाहेर, काठावर. शाळा बंद झाली तेव्हा मास्तर आपल्या मुलखाला निघून गेले होते. दार नुसतं लोटलेलं असे. नाका सोडून येता येत नाही, असं निकिफोर म्हणाला. वाट ठाऊक आहे मला, असं ती म्हणाली.

आणि वळली.

एवढ्या थंडीत पावलाखाली बर्फ कसा कुरकुरतो ते तुम्ही रोज ऐकता. नदीच्या पलीकडे चालणारा माणूस अलीकडे ऐकू येतो. निकिफोर कान देऊन उभा राहिला.

काही नाही.

पहाटे जरा भुरभुर बर्फ पडला. सकाळी पाळी संपली तशी तो दवाखान्यात गेला. मार्फा तिथं होती. आपली आरोग्यसेविका, तेव्हाही तीच. रात्रभर कुणाच्या तरी उशाशी बसून आली होती. मास्कचे वळ गालावर तसेच.

"मास्तरांच्या घरात एक जण आहे," निकिफोर म्हणाला. "जेवण पाठवायला हवं."

"कोण?"

"ताई."

मार्फा हातमोजे काढत होती. एक काढला, दुसरा तसाच राहिला.

"निकिफोर, खाली बस."

"बसत नाही, झोपायला जायचंय."

"काल दुपारी फोन आला होता. मी आज ओलिंकाकडे जाऊन सांगणार होते, तुला बरोबर घेऊन..."

"काय सांगणार होतीस?"

मार्फा त्याच्याकडे बघत राहिली. त्याला कळलं. कळलं आणि तो म्हणाला,

"मग तिला जेवण नको?"

हसू नकोस, याको. त्या हिवाळ्यात माणसं असंच बोलायची. कुणी नीट रडलंसुद्धा नाही. रडायला माणसं जमावी लागतात, आणि जमायला बंदी होती. ओलिंकाला सांगितलं ते अंगणात, लांब उभं राहून. तिने ऐकलं, मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. शवपेटी वसंतात येईल, असं इस्पितळाने कळवलं.

मार्फा आणि निकिफोर मास्तरांच्या घरापाशी गेले. दारापुढे बर्फ साठला होता, गुडघाभर, कडक, आठवड्याचा जुना. दार बाहेर उघडतं. त्या बर्फातून ते उघडलेलं नव्हतं. खिडकीतून आत पाहिलं. एक खाट, टेबल, भिंतीवर नकाशा. मार्फा म्हणाली, "तू किती दिवसांत झोपला नाहीस?" तिने त्याला झोपेच्या गोळ्या दिल्या. त्याने घेतल्या नाहीत.

तो गेला मात्र्योना आजीकडे. गावातली सगळ्यांत म्हातारी ती. तिच्या घराच्या पायरीपासून लांब उभं राहून ओरडून बोलावं लागे. एक तर नियम, दुसरं म्हणजे तिचे कान.

"तू तिला काय सांगितलंस?" म्हातारीने विचारलं.

"दोन आठवडे थांब म्हटलं."

"तिने काय म्हटलं?"

"बरं म्हणाली."

"मग थांबेल. अगाफ्या शब्दाची पक्की. तू रोज पाणी ठेव. गेलेल्यांना तहान लागते, हे तुला तुझ्या आईने सांगितलं नाही का?"

"आणि मग?"

"मग दार उघड. तू बंद केलंस, तूच उघड. परतताना मागे बघू नकोस."

एवढं बोलून म्हातारी आत गेली. तिला खोकला होता. जानेवारीत तीही गेली.

निकिफोर रोज संध्याकाळी नाक्यावर जाताना लाकडी वाडगं भरून त्या दारापुढे ठेवायचा. पाणी घरी परतायच्या आत गोठावं अशी थंडी. सकाळी वाडगं रिकामं. बर्फाचा गोळा नाही, कडेला पापुद्रासुद्धा नाही. कोरडं. कुत्र्याने चाटलं असेल म्हणाल तर म्हणा. मीही तेव्हा तेच म्हटलं.

दरम्यान लसीची पेटी आली. विमानाचं इंजिन चालूच ठेवून वैमानिकाने पेटी मार्फाच्या हातात दिली. लस गोठू नये म्हणून ती अंगरख्याच्या आत, छातीशी धरून, मार्फा घरोघर फिरली. म्हाताऱ्यांना आधी. नाक्यावरच्यांना त्यांच्याबरोबर. निकिफोरने खोपीत बाही वर केली.

"हात जरा बधिर होईल," मार्फा म्हणाली.

"आधीच आहे," तो म्हणाला.

ओलिंकाला दिवस भरत आले होते. गरोदर बायकांना बाळंतपणाच्या महिनाभर आधी विमानाने शहराला नेतात, तशी तिची जागा धरली होती. ती जायला तयार होईना. मार्फाने दारात उभं राहून समजावलं, ओरडली, हात जोडले. ओलिंकाचं एकच. "आई तिकडेच गेली ना." 

दुसरा आठवडा लागला असेल. निकिफोर वाडगं ठेवायला वाकला. आणि आतून आवाज आला.

टक. टक.

लाकडावर बोटाने मारल्यासारखा.

तो वाकलेलाच राहिला.

"निका..."

आवाज दाराला तोंड लावून बोलल्यासारखा. जवळ. अगदी जवळ. मधे फक्त एक फळी.

"निका, किती राहिले?"

त्याने वाडगं खाली ठेवलं. 

"किती राहिले रे?"

"थो... थोडेच."

 फळीवर काही तरी घासलं गेलं. कपाळ टेकवल्यासारखं.

"ओलिंकाचं झालं का?"

"नाही अजून."

"बरं..."

मग काही नाही. तो तिथं किती वेळ होता त्याला सांगता येत नाही. पापण्या एकमेकींना चिकटल्या तेव्हा त्याला कळलं की आपण रडत होतो. तो म्हणाला, तेवढंच काय ते. पुढे पुन्हा नाही.

मी त्याला विचारलं होतं, तू पळाला का नाहीस? तो म्हणाला, आपा, कुठं पळू? पाळी होती माझी.

शेवटची संध्याकाळ. दिवसभर बर्फ पडून थांबला होता. मऊ, नवा, घोट्यापर्यंत. निकिफोर फावडं घेऊन गेला. दारापुढचा जुना थर फोडला. मग फावडं भिंतीला टेकवलं.

"ताई, झाले."

त्याने फळीवर टकटक केली.

"ताई, झाले दोन आठवडे. उघडतो."

त्याने दार ओढलं. बिजागऱ्या करकरल्या. दिव्याचा उजेड आत टाकला. खाट. टेबल. नकाशा. जमिनीवर हिमाचा पातळ थर होता, साखर भुरभुरल्यासारखा. त्याच्यावर एक रेघ नव्हती. कुणी नव्हतं. कुणी नव्हतंच.

त्याने दार उघडं ठेवलं. वळला. चालू लागला.

मागे बघायचं नाही.

दोराखालून वाकून आत आला. मागे बघायचं नाही. स्वतःच्या पावलांची कुरकुर ऐकत गेला. एकच कुरकुर. दोन नव्हत्या. हे मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. एकच, म्हणाला. पाठीला थंडी वाजली का? थंडी तर होतीच, म्हणाला.

वाटेत ओलिंकाचं घर. तिला रोज पाण्याचा डबा तोच भरून द्यायचा. एरवी तो दाराबाहेरच ठेवायचा, पण आता तिला उचलवेना म्हणून अंगणातून डबा उचलला, आत नेऊन ठेवला. ओलिंका भिंतीला टेकून बसली होती. "मामा, दार लाव ना, गार येतंय," म्हणाली. तो दार उघडंच टाकून आत शिरला होता. त्याने लावलं. जरा बसला आणि घरी गेला.

रात्री वारा सुटला. असा वारा की घरं जमिनीला धरून राहिली ती नशिबाने. दोन दिवस कुणी बाहेर पडलं नाही. त्यातच ओलिंकाला कळा लागल्या. विमान येणं शक्यच नव्हतं. मार्फा घराघराला दोर बांधत, दोराला धरून तिच्यापर्यंत पोचली. फोनवर शहरातला डॉक्टर सांगत होता, मधेच फोन तुटला. मूल आडवं होतं. मार्फा मला नंतर म्हणाली की मी मनातल्या मनात दोघींची आशा सोडली होती. मग कसं कोण जाणे, ते फिरलं. कुणी हात धरून वळवावं तसं फिरलं, असे तिचे शब्द. मुलगी झाली. निळी. मग लाल झाली, ओरडली. ओलिंकाने तिला आईचं नाव दिलं. नुकतं गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या बाळाला देतात, ते तर द्यायचंच होतं.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. उजाडल्यावर मी निकिफोरबरोबर बाळ बघायला निघालो. लांबून, खिडकीतून. मार्फा अंगणाच्या कडेला उकिडवी बसली होती. आम्हाला पाहून तिने हाताने खूण केली. थांबा. पाय टाकू नका.

असा वारा झाला की सैल बर्फ उडून जातो आणि पावलाखाली दबलेला तेवढा मागे राहतो. ठसे खाली नसतात, वर उठलेले असतात. हे तुम्हाला सांगायला नको. तसे ठसे होते. निकिफोरच्या बुटांचे. मास्तरांच्या घराकडून आलेले, दोराखालून, सरळ इथवर. ओलिंकाच्या दारात गेलेले, दारातून बाहेर पडून त्याच्या घराकडे गेलेले.

आणि त्यांच्या मागोमाग दुसरे होते.

लहान. टाचेपासून बोटांपर्यंत सपाट. बुटांचे नव्हते. अनवाणी पायांचेही नव्हते. मी वाकलो. प्रत्येक ठशावर बारीक बारीक खळगे होते, ओळीने, टाचेकडून चवड्याकडे.

"मार्फा, हे काय आहे?"

मार्फाने हातमोजा काढला. उघड्या बोटाने एका ठशावरचे खळगे चाचपले. बराच वेळ.

"मोजे," ती म्हणाली. "इस्पितळात पेशंटच्या पायात घालतात ते. घसरू नये म्हणून तळव्याला रबराचे ठिपके असतात."



आम्ही तिघं कडेकडेने मास्तरांच्या घरापर्यंत जाऊन आलो. ते ठसे तिथल्या उंबऱ्यापासून सुरू होत होते. वाटभर त्याच्या मागे, एका पावलावर. दोन्ही दोराखालून आलेले. ओलिंकाच्या दारात दोन्ही आत गेलेले.

बाहेर आलेले फक्त बुटांचे.